भिवरा आणि श्वासखाऊ

एका राज्यात लोक वाऱ्यालाही भीत असत आणि बाळांना छाती भरून रडूही देत नसत. कर्कट नावाच्या मांत्रिकाने तेथे श्वासखाऊ सोडला होता. तो दिसत नसे. नाकावाटे शिरे, छातीत बसे आणि आतून श्वास खाई. तीन दिवसांत माणूस निळा पडून मरे.

राजा मेघकेतूची राणी गेली, प्रधान गेला. मग भिवरा कुंभारणीची लेक धापा टाकू लागली.

त्या सकाळी दरबाराच्या कमानीवर एक भारद्वाज बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "राजा, कर्कटाच्या गुहेत जो तीन श्वास घेऊन जगेल, त्याच्या छातीत श्वासखाऊ मरेल आणि सारे आजारी बरे होतील."

"असा कोण आहे?"

"ज्याने त्याला पूर्वी एकदा हरवले आहे."

भिवरा पुढे आली. वीस वर्षांपूर्वी याच श्वासखाऊच्या साथीत तिची पाचही भावंडे गेली होती, ती एकटी त्या दुखण्यातून वाचली होती.

राजवैद्य म्हणाला, "बाई, फार काळ लोटला. तुझे रक्त त्याला विसरले असेल."

"असेलही." भिवरा गुहेच्या वाटेला वळली. "पण माझ्या लेकीपाशी उद्याचा दिवस नाही."

गुहेतली हवा ओली नि कुजकट होती. कर्कट म्हणाला, "ये. तुझी भावंडे येथेच आहेत." भिंतींतून पाच लहान गळे धापा टाकू लागले.

भिवराने पहिला श्वास घेतला. घसा सोलवटून निघाला. दुसरा घेतला. छातीवर जाते ठेवल्यासारखे झाले. तिला पळायचे होते, पाय उचलेनात.

"विसरली!" कर्कट हसला. "हिची छाती माझ्या श्वासखाऊला विसरली!"

रडत रडत तिने तिसरा श्वास घेतला.

तोच हाडांच्या आत काही जागे झाले. अंग तव्यासारखे तापले. श्वासखाऊला एकदा हरवून वीस वर्षे मज्जेत निजलेले तिचे रक्षक उठले, त्यांनी वैऱ्याला वासावरून ओळखले आणि वेढले. भिवराच्याच तोंडून श्वासखाऊ किंचाळला. तिने खोकून काळी गाठ टाकली, ती दगडावर वाळली. श्वासखाऊच्या जिवावर जगणारा कर्कट श्वासासाठी तडफडत कोसळला. भिंतींतल्या धापा थांबल्या, आणि पाच गार झुळका तिच्या केसांवरून बाहेर गेल्या.

घरी लेक उठून पेज मागत होती.

राजाने विचारले, "कोणता मंत्र म्हटलास?"

"महाराज, भयाने मी सारे विसरले होते. छातीला तेवढे आठवत होते."

त्या वर्षी राज्यात जन्मलेली बाळे छाती भरून रडली, आणि कोणी त्यांना गप्प केले नाही.