थोरलीचं लंघन

पाणी पिऊन झालं सगळ्यांचं? मग बसा आता. आणि मधेच "खरं का?" म्हणून विचारायचं नाही. मला जशी सांगितली तशी मी सांगणार.

फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजीची आजी परकर सावरत हिंडत होती तेव्हा, आपल्या हिंगणओढ्यात ठकूबाई नावाची बाई राहायची. ढोरांचं औषधपाणी करायची. कुणाची गाय अडली, कुणाच्या बैलाचं पोट फुगलं, की तिला बोलावणं. ती ढोराच्या कुशीला कान लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायची. म्हशीला काल कुणी धोंडा मारला हेसुद्धा तिला आतून ऐकू यायचं, असं म्हणतात. माणसांशी मात्र तिचं फारसं पटत नसे. ढोरं खोटं बोलत नाहीत, म्हणायची. नवरा कधीच गेलेला. एक लेक, तुळसा, तीच काय ती तिची.

त्या काळी गावाला एकच धास्ती होती, पटकीची. तालुक्याच्या बाजारातला सगळा नासका माल, सडकी वांगी, कोबीचा पाला, खानावळींचं खरकटं, गाड्या भरभरून आपल्या ओढ्याकाठच्या घळीत आणून टाकायचे. त्यात आपल्या लोकांचे उकिरडे होतेच, आपण काही कमी नाही. पावसाळ्यात ती घाण ओढ्याला लागायची, ओढ्याची विहिरीत झिरपायची, आणि दरसाल पटकी यायची. सकाळी उलट्या-जुलाब सुरू झालेलं माणूस संध्याकाळी नसायचं. श्रावण लागला की आया पोरांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. आणि एके वर्षी त्या घळीवर तिन्हीसांजेला निळा जाळ नाचताना दिसायला लागला. आग्या वेताळच तो, दुसरं कोण असणार? त्या वाटेनं कुणी जाईना.

ठकूबाई गेली. तीन दिवस जमिनीला कान लावून घळीत बसली. परत आल्यावर पाटलांना म्हणाली, "वेताळ-बिताळ काही नाही. खाली घाण रवंथ करतेय. तिचा ढेकर पेटतोय."

मग तिनं गुऱ्हाळाची एक जुनी काहील मागून आणली. काहील म्हणजे गुळाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. घळीशेजारी खड्डा खणवला, त्यात बाजाराची घाण, उसाचं पाचट, शेण आणि पाणी कालवून ओतलं, आणि वर काहील पालथी घातली. महिनाभर गाव हसलं. मग एक दिवस काहील हलली आणि गाभण गाईच्या पोटासारखी वर यायला लागली. ठकूबाईनं तिला भोक पाडून पोकळ वेळू बसवला, वेळूच्या तोंडाशी विस्तव धरला, आणि भप्पकन निळा जाळ लागला. ज्याला लोक भ्यायले तोच त्यांच्या चुलीत आला.

तिचा दंडक एकच होता. जाळ लागला की आधी प्यायचं पाणी खळाखळा उकळायचं, मग भाकरी. तान्ह्या वासरांना ती उकळून गार केलेलं पाणी पाजायची आणि तिच्या हातचं वासरू कधी दगावलं नव्हतं. त्या साली पटकी आली नाही. खड्ड्यातून बाहेर पडलेलं काळं पातळ खत शेतात घातलं, तर पोराच्या डोक्याएवढी वांगी लागली, असं म्हणतात. वांग्यांची खात्री मी देत नाही, पण पटकी आली नाही हे खरं.

खड्ड्याला ती थोरली म्हणायची. थोरली गाय. थोरलीला चारा घातला का, थोरलीला पाणी दाखवलं का, असं तिचं चालायचं. हळूहळू गावही तसंच बोलायला लागलं आणि तिथंच घात झाला.

पुढच्या साली पोळा आला. बैलांना झुली घातल्या, शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली. तुळसा माहेरी आलेली. ठकूबाई शेजारच्या वाडीत अडलेल्या गाईपाशी गेली होती. तुळसाच्या मनात आलं, वर्षभर राबणाऱ्या सगळ्यांना आज पुरणपोळी, मग आपल्या थोरलीनं काय पाप केलंय? तिनं काहिलीला हळदकुंकू लावलं आणि एक पोळी खड्ड्यात सोडली. तिचं बघून शेजारणीनं दोन सोडल्या. मग काय, आपली माणसं. पाटलांच्या घरून टोपलंभर पोळ्या आल्या, कुणी कटाची आमटी ओतली, कुणी गूळ, कुणी दुधाची चरवी. सूर्य मावळेपर्यंत गावानं थोरलीला जेवू घातलं.

ठकूबाई परत आली ती वेशीतच थांबली. वारा आंबट येत होता. काहील टम्म फुगलेली, पण वेळूला विस्तव धरला तर जाळ लागेना. पोळ्याला अति पुरण खाल्लेल्या बैलाचं पोट असंच आंबून फुगतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. तिनं विचारलं, कुणी केलं? सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले. तेव्हा तुळसा म्हणाली, "आये, पहिली पोळी माझी."

ठकूबाईनं पदर खोचला. चुन्याची निवळी ओतली, राख ओतली आणि सांगितलं, थोरलीला आता लंघन. चाऱ्याची काडी घालायची नाही. किती दिवस, असं पाटलांनी विचारलं. ते तीच सांगेल, ठकूबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पटकी आली. पाचव्या दिवशी तुळसा पडली.

आता नीट ऐका. वर्षभर सगळं शेण थोरलीला गेलेलं, त्यामुळे एकाही बाईनं गोवऱ्या थापल्या नव्हत्या. डोंगर बोडके. झड लागलेली, होतं ते सरपण भिजून चिंब. पाणी उकळायचं कशावर? ठकूबाईनं आपल्या घराचं दार उतरवलं आणि फोडलं. खाट फोडली. तिचं बघून आणखी चार घरांनी दारं दिली. त्यावर जे काय पाणी उकळलं, ते एका रांजणात भरून ती स्वतः पळीनं वाटायची. हगवण लागलेल्या वासराला द्यायची तसं, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घालून. आधी आजाऱ्यांना, मग पोरांना, मग गावाला घोट घोट. आणि वाटून झालं की थोरलीपाशी जाऊन काहिलीला कान लावून बसायची.

येणारा-जाणारा विचारायचा, ठकूबाई, थोरली काय म्हणते? गप आहे, ती सांगायची. घरात तुळसाचे डोळे खोल गेलेले, हाताची कातडी सुरकुतलेली. तीही तेच विचारायची, आये, थोरली काय म्हणते? लेकीच्या तोंडात पळी धरून ती सांगायची, गप आहे गं. रांजणाचा तळ दिसायला लागला होता, आणि गावात फोडायला दार उरलं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी काहिलीखाली गुडगुडलं. अख्ख्या गावाला ऐकू गेलं, असं म्हणतात. कुणीतरी धावत जाऊन वेळूला विस्तव धरला, आणि निळा जाळ लागला. हंडेच्या हंडे पाणी उकळलं. दुपारी तुळसानं डोळे उघडले आणि तांब्याभर पाणी मागून प्यायली. लोक रडत, हसत ठकूबाईला सांगायला पळाले.

ती काहिलीला कान लावून बसलेली होती. ऐकतेय असं वाटलं म्हणून दोघे-तिघे गप्प उभे राहिले. मग पाटलांच्या बायकोनं तिच्या खांद्याला हात लावला, तर अंग गार.

घरात तिची लोटी सापडली. लोटीत विहिरीचं कच्चं पाणी होतं. इतके दिवस तिनं गावाला उकळलेलं पाणी पाजलं आणि स्वतः ते कच्चं प्यायली. दोन दिवस पटकी अंगावर काढली, पण कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर रांजणातली एक पळी तिच्यासाठी निघाली असती ना. तेवढ्या दिवसांत थोरली काय म्हणते ते सगळ्यांनी विचारलं. तू प्यालीस का, असं एकानं विचारलं नाही. तुळसानंसुद्धा नाही, आणि ते तिला मरेपर्यंत लागून राहिलं.

आता खड्डा सिमेंटचा झालाय, तालुक्याच्या गाड्या ओला कचरा वेगळा करून आणतात. पण ती जुनी काहील अजून तिथंच आहे. आपल्याकडे पोळ्याची पोळी गॅसच्या खड्ड्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीला लंघन असतं, आणि गावालाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या जाळावर उकळलेलं पाणी वाटीत घेऊन काहिलीवर ठेवतात, आणि सगळं गाव मोठ्यानं विचारतं, "ठकूबाई, तू प्यालीस का?" मग खालून गुडगुडेपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावत नाही. कधी कधी फार वेळ लागतो. तेव्हा अजूनही सगळ्यांचे चेहरे उतरतात.

आणि म्हणूनच आपल्या गावात कुणी पाणी पुढे केलं, की तांब्या हातात घ्यायच्या आधी देणाऱ्याला विचारतात, तुम्ही प्यालात का?

मघाशी मी तुम्हाला पाणी दिलं. कुणी विचारलंत मला?