चुकलेल्या वाटेवरचा माठ

एकदा एका प्रवासलेखकाने प्रवास सोडला आणि तो अध्यात्माकडे वळला. असे वळणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि वळल्या वळल्या इतरांना उपदेश करू लागणारे तर त्याहून कमी नाहीत. पण या माणसाचे पुढे जे झाले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून सांगतो.

त्याचे नाव भालचंद्र. उभी हयात त्याने घाटवाटा, नद्यांचे उगम आणि आडबाजूची देवळे पाहण्यात घालवली, आणि जे पाहिले ते लिहिले. त्याचा लेख वाचून निघालेला माणूस सहसा वाट चुकत नसे. देखावा किती रम्य आहे हे तर तो लिहीच; पण बस कुठे सोडते, चढ कुठे जीव काढतो, पाणी कुठे मिळते आणि आपली स्वतःची कुठे फजिती झाली, हेही मोकळेपणाने लिही. या शेवटच्या गोष्टी बहुधा त्याच्या पत्नीच्या, कुमुदच्या आग्रहाने येत. ती प्रत्येक प्रवासात त्याच्याबरोबर असे. तो सूर्यास्ताकडे पाहत उभा राहिला की ती म्हणे, "सूर्यास्त काय, सगळ्यांना दिसतो हो. इथे पाय घसरतो, ते लिहा आधी."

मग कुमुद गेली. आजार थोड्याच दिवसांचा. धड निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. त्यानंतर भालचंद्राला डोंगर नुसता डोंगर दिसू लागला आणि नदी नुसते पाणी. लिहायला बसले तरी काही सुचेना. मन कुठेतरी गुंतवायचे म्हणून तो ग्रंथ वाचू लागला, प्रवचनांना जाऊ लागला, आणि हळूहळू एका वृत्तपत्रात शांती, वैराग्य, आत्मज्ञान अशा विषयांवर सदर लिहू लागला. हात लिहिता होताच, भाषाही नितळ. सदर गाजले, व्याख्यानांची आमंत्रणे आली, प्रकाशकाने पुस्तक मागितले. लोक म्हणत, काय उंची गाठली हो या माणसाने. खोटे कशाला बोला, ते ऐकायला त्यालाही बरे वाटे.

अशाच एका व्याख्यानात त्याने शोकाचा विषय घेतला होता. शोक मोहातून उपजतो, जाणत्याला शोक नाही, असे तो तासभर सुरेख बोलला. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"सर, आमचे हे जाऊन वर्ष होत आलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या चपला अजून दाराशीच आहेत. रोज केर काढताना उचलते आणि झाडून झालं की परत तिथेच ठेवते. मुलगी म्हणते, आई, देऊन टाक आता कुणाला तरी. त्या उचलाव्यात का राहू द्याव्यात, ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

भालचंद्राने क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, "ताई, चपला हे पायाचं आवरण आणि देह हे आत्म्याचं आवरण. जाणत्याने आवरणात जीव गुंतवू नये."

टाळ्या पडल्या. बाईंनी मान डोलावली, "बरं" म्हटले आणि त्या बसल्या. निघताना दाराशी पुन्हा भेटल्या. "पुढच्या महिन्यात परत इथेच आहे ना तुमचं? येईन मी. तोवर जमतंय का बघते."

त्या एका 'बरं'ने त्याची झोप उडवली. बाई चिडल्या असत्या, वाद घातला असता, तर त्याने चार ग्रंथांचे दाखले दिले असते. पण त्यांनी विश्वासाने मान डोलावली होती आणि रिकाम्या हाताने घरी गेल्या होत्या. आपण त्यांना काहीच दिले नाही, हे त्याला पक्के कळले होते. काय द्यायला हवे होते, ते मात्र कळेना. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण अडून बसले. त्या बाई तर पुन्हा समोर येऊन बसणार होत्या. अखेर तो लिहिलेले सगळे बरोबर घेऊन उठला आणि तडक आबांकडे गेला.

आबा एका डोंगराच्या पायथ्याशी राहत. डोंगराच्या माथ्यावर देवीचे छोटे ठाणे होते, त्याची दिवाबत्ती ते करीत. ना मठ, ना शिष्यांचा गोतावळा. भालचंद्र आणि कुमुद ऐन उमेदीत तिथे प्रथम गेले, तेव्हापासून आबांशी घरोबा जडला होता, आणि मनात गुंता झाला की भालचंद्र त्यांच्याकडेच धाव घेई. कुमुद गेल्यापासून मात्र तो तिकडे फिरकला नव्हता. आबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भाकरी वाढली, जेवू घातले आणि मग दुपारभर त्याचे लिखाण ऐकले.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "भाषा गोड आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर पाणी घेऊन चल."

"आबा, पण पुस्तकाचं काय करू? आणि त्या बाईंना काय सांगू?"

"आधी पाणी तर वाहू."

सकाळी आबांनी एक कळशी स्वतःच्या खांद्यावर घेतली, दुसरी भालचंद्राच्या खांद्यावर दिली, आणि दोघे डोंगर चढू लागले. भालचंद्र मनात चक्रावला. माथ्यावर देवीपाशी कातळात खोदलेले टाके होते आणि त्यात बारा महिने गार पाणी असे. मग हे पायथ्याचे पाणी वर न्यायचे कशाला? आबांचे वय झाले, विसरत असतील, असे म्हणून तो गप्प राहिला.

थोडे वर गेल्यावर उंबराचे झाड लागले. तिथे वाटेला दोन फाटे फुटत. उजवीकडची अरुंद पाऊलवाट देवीकडे जाई. डावीकडची वाट गुरांच्या पायांनी चांगली रुंद झालेली, पण ती पुढे कड्याशी जाऊन संपे. उंबराच्या बुंध्याशी तशी ठळक पाटीही होती. आबा डावीकडे वळले.

"आबा, ही वाट चुकीची आहे."

"ठाऊक आहे."

"अहो, पुढे कडा आहे."

"तेही ठाऊक आहे. कळशी सांभाळ, हिंदकळते आहे."

ऊन तापू लागले. त्या वाटेवर सावली नाही, बसायला जागा नाही. दम खात खात दोघे वाटेच्या टोकाला पोचले. समोर कडा, खाली दरी. कड्याच्या अलीकडे एक बसका दगड होता आणि त्याच्या आडोशाला, खुरट्या झाडाच्या सावलीत, मातीचा माठ. माठावर झाकण, झाकणावर पालथा पेला. आबांनी कालचे उरलेले पाणी झाडाच्या मुळाशी ओतले, माठ विसळला आणि दोन्ही कळशा त्यात रित्या केल्या.

"इथे कोण येतं आबा?"

"चुकलेला येतो."

"पण खाली पाटी आहे की."

"मीच लावलीय ती. पाटी वाचतं कोण? वाट रुंद दिसली की पाय आपले तिकडेच वळतात." आबा खाली टेकले. "माणूस इथवर येतो, पुढे वाट नाही हे बघतो आणि मटकन बसतो. देवीपाशी पोचलेल्याला टाकं आहे, वारा आहे, दर्शन आहे. त्याला माझ्या पाण्याची काय गरज? इथे बसलेल्याला मागे फिरायचं बळ हवं असतं. घोटभर पाण्याने ते येतं. पुढची वाट मग त्याची तोच शोधतो."

भालचंद्र मात्र त्या बसक्या दगडाकडे पाहत होता. तो दगड त्याने ओळखला होता. पहिल्या खेपेला ती दोघे अशीच चुकून इथे आली होती. कुमुद घामाघूम होऊन याच दगडावर बसली होती आणि 'आता मी एक पाऊलसुद्धा टाकणार नाही' म्हणून रुसली होती. तेवढ्यात गुरांमागून आबा आले होते आणि त्यांनी आपल्या तांब्यातले पाणी तिला दिले होते.

"त्या दिवसापासून इथे माठ आहे," आबा म्हणाले. "तुझ्या लेखात तू सगळं लिहिलं होतंस. आम्ही चुकलो, बायको रुसली, एका म्हाताऱ्याने पाणी पाजलं. मी काही तेव्हा म्हातारा नव्हतो, पण असो. लोक ते वाचून हसले आणि निर्धास्त निघाले. म्हणाले, लिहिणाराही चुकला होता, मग आपलं काय. काल तू मला वाचून दाखवलंस, त्यात मात्र सगळं माथ्यावरचंच आहे. टाक्यापाशी उभा राहून तू लोकांना हाका मारतोयस, वर या, वर या. पण बाळा, तू तरी वर पोचला आहेस का?"

भालचंद्र त्या दगडाशी बसला.

"नाही आबा," तो म्हणाला. "ती गेल्यावर पहिल्यांदा प्रवासाला निघालो, तेव्हा मी दोन तिकिटं काढली. सवयीने. शेजारच्या जागेवर तिची पिशवी ठेवली. ती पिशवी कशाला घेऊन निघालो होतो, देव जाणे. एस.टी. भरली, माणसं उभी राहिली, पण मी तिथे कुणाला बसू दिलं नाही. पुढच्या थांब्याला उतरलो आणि घरी परत आलो. पिशवी अजून दारामागच्या खुंटीला आहे. कधी खाली उतरवतो, परत टांगतो. आणि लोकांना सांगतो की जाणत्याला शोक नाही."

एवढे बोलला आणि तो लहान पोरासारखा रडला. आबांनी त्याला रडू दिले. मग माठातून पेला भरून त्याच्या हातात दिला.

"हे लिही," ते म्हणाले.

"हे अध्यात्म आहे का आबा?"

"ते मला नाही सांगता येणार. ही वाट आहे, एवढं खरं. आणि तू तर वाटांबद्दल लिहिणारा माणूस."

पुढच्या महिन्यात भालचंद्र त्याच सभागृहात उभा राहिला. त्या बाई आल्या होत्या, मागच्याच रांगेत. त्याने तयार करून आणलेले भाषण केलेच नाही. "मागच्या वेळी एका ताईंनी मला चपलांविषयी विचारलं होतं," तो म्हणाला. "मी बोललो पुष्कळ, उत्तर दिलं नाही." आणि मग त्याने दोन तिकिटांची गोष्ट सांगितली, खुंटीवरच्या पिशवीची सांगितली. सांगताना आवाज दोनदा अडखळला. शेवटी म्हणाला, "ताई, चपला उचलाव्यात का राहू द्याव्यात, मला खरंच ठाऊक नाही. मी अजून त्याच जागी बसलेलो आहे."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. माणसे सावकाश उठली, काहींनी जाता जाता त्याच्या हाताला नुसता हात लावला. सगळे पांगल्यावर त्या बाई पुढे आल्या.

"म्हणजे तुमच्याही घरी आहे," त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग राहू देते चपला अजून थोडे दिवस. मुलीला सांगते, घाई नाही म्हणून." त्या जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. कापडी पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. "घ्या सर. केव्हाचा घसा कोरडा पडलाय तुमचा."

भालचंद्राने बाटली घेतली आणि तो तिथेच, पायरीवर बसून, घोट घोट पाणी प्यायला. त्याचे पुस्तक पुढे निघाले. त्याची सुरुवात त्या बसक्या दगडापासून होते.