दिघेसाहेबांचं निसर्गात मिसळलेलं घर

समुद्रकाठच्या एका वाडीत धाकू नावाचा भोळा गवंडी राहायचा. हाताला गुण होता, पण कानावर पडलेला शब्द तो जसाच्या तसा भिंतीत बसवायचा.

पुण्याच्या दिघेसाहेबांनी वाडीत सुट्टीचं घर बांधायला काढलं. अगदी नव्या पद्धतीचं. ते धाकूला म्हणाले, "घर निसर्गात मिसळून गेलं पाहिजे. एकाही झाडाला हात लावायचा नाही. काम मनासारखं झालं तर घराची राखण तुझ्याकडेच."

धाकू हरखला. त्याचं खोपटं गळकं होतं आणि बायको यशोदी त्यावरून रोज ऐकवायची. राखणदाराला निदान कोरडी खोली मिळाली असती.

त्याने झाडाला हात लावला नाही. जागेच्या मधोमध माड होता, तो दिवाणखान्यात आला. साहेब खूश. फोटो काढून घ्यायला ते माडाखाली उभे राहिले. वरून नारळ पडला. डोकं वाचलं, खांदा गेला.

"मूर्खा, डोक्यावर पडेल असं काही ठेवायचं नाही!"

"व्हय सायब."

पुढच्या खेपेला साहेब आले, तर भिंती उभ्या आणि वर आभाळ.

"छप्पर कुठाय?"

"कौलं डोक्यावर पडतात, सायब. तुमीच बोललाव."

"अरे, असं उघडं घर असतं का? सगळं बंद करून घे!"

"व्हय सायब."

छप्पर झालं. खिडक्याही झाल्या, आणि चिरे लावून बंदही झाल्या. आत मिट्ट काळोख. साहेब थेट माडाला धडकले.

"अरे, समुद्र कुठाय? एवढ्या लांब येतो कशासाठी? समुद्र घरात आला पाहिजे!"

"घरात?"

"घरात! पार बैठकीपर्यंत! वास्तुशांतीला पाहुण्यांनी बघत राहिलं पाहिजे."

धाकूला जन्मात पहिल्यांदा शंका आली. पण राखण हवी होती. त्याने समुद्राकडची भिंत पाडली. मग पुळणीवरचा, भरती अडवणारा बांध फोडला.

वास्तुशांत पौर्णिमेला होती. उधाणाची भरती. समुद्र वेळेवर आला, आणि बैठकीपर्यंत आला. भटजी पाटावरून उठून माडावर चढले. जिलेबीच्या ताटात खेकडा बसला. पाहुणे बघतच राहिले.

साहेब टेबलावर उभं राहून ओरडले, "धाकू! आजपासून काम बंद! घरी बस!" आणि भिजल्या सोवळ्यानेच गाडीत बसून पुण्याला गेले.

राखण गेली म्हणून धाकूला रडू आलं. मग तो विचार करू लागला, घरी बस म्हणजे कुठल्या घरी? साहेब पाया खणल्यापासून "घर, घर" म्हणत होते, ते हेच. त्याच्या खोपट्याला ते कधी घर म्हणाले नव्हते.

ओहोटी लागल्यावर त्याने यशोदीला आणि शेळीला तिथेच राहायला आणलं.

राग निवल्यावर साहेब परत आले. धाकू दारातच बसला होता, सांगितल्यासारखा.

"या सायब, या. पाय तेवढे धुवून या. यशोदीनं तुमची इटालियन फरशी आत्ताच शेणानं सारवलीय."