अनामत पुढच्याच्या कनवटीला

नदीकाठच्या एका गावात टोपल्या विणणारी एक बाई भाड्याच्या खोलीत राहत होती. खोली घेताना तिने घरमालकाला चांदीची वीस नाणी अनामत म्हणून दिली होती. तीन वर्षांनी तिने लेकीच्या गावी जायचं ठरवलं. तिथलं घर पसंत करून झालं होतं. बाजाराच्या दिवसापर्यंत वीस नाणी भरायची, नाहीतर ते दुसऱ्याला जाणार होतं.

तिने खोली झाडली, किल्ली पुढे केली आणि अनामत मागितली.

"उद्या या," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेली, तर "परवा." परवा गेली, तर मालक जेवत होता. मग झोपला होता. पाच दिवस तिचं गाठोडं बांधलेलंच होतं. ते सोडून पुन्हा बांधायचं बळ तिच्यात नव्हतं.

सहाव्या दिवशी मालक हळूच म्हणाला, "मावशी, खरं सांगू? तुमची नाणी केव्हाच खर्च झाली. आज पापड लाटणारं एक जोडपं खोली बघायला येतंय. त्यांची वीस आली की तुमची वीस दिली. तेवढं जरा गोड बोला."

बाईला तिच्या आधी इथे राहणारा कासार आठवला. "खोली म्हणजे सोनं!" असं ती खोली बघायला आली तेव्हा तो तिला म्हणाला होता, पण जमिनीकडे बघत. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येऊन बांबू बुरसला, तेव्हा तिने त्याला लाखोली वाहिली होती. तो असा का बोलला, ते तिला आज कळलं. त्याची कीव आली, आणि रागही तेवढाच आला.

जोडपं आलं. भिंतीला ताजा चुना दिलेला होता. बायकोने त्यावरून हात फिरवला. "ओल नाही ना धरत?"

"मावशींनाच विचारा की!" मालक हसला.

एक "नाही" म्हटलं की संध्याकाळची बैलगाडी मिळत होती. बाईने आपल्या बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"धरते," ती म्हणाली. "चार महिने. तुमचे पापड सुकायचे नाहीत."

"मग तुम्ही अजून इथं कशा?"

"माझी अनामत अडकलीय."

"कुठं?"

"तुमच्या कनवटीला."

बायकोचा हात चटकन कमरेकडे गेला. जोडपं आल्या वाटेने परतलं.

"आता बसा!" मालक ओरडला.

"बसते," बाई म्हणाली, आणि पायरीवर बसली. खोली बघायला जो येई त्याला ती एवढंच सांगे, की भिंत ओली होते आणि अनामत परत मिळत नाही. बाजाराचा दिवस येऊन गेला. लेकीच्या गावचं घर हातचं गेलं. ती रडली नाही. तेवढाही दम उरला नव्हता.

दहाव्या दिवशी मालकाने आपला शिसवी झोपाळा विकला आणि अठरा नाणी आणून दिली. "दोन कापली. भिंतीत खिळे ठोकलेत तुम्ही."

नाणी घ्यायला उभी राहिलेली बाई पुन्हा पायरीवर बसली. वळणावरून एक कुटुंब रिकामी खोली विचारत येत होतं. मालकाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा पायरीकडे, आणि मुकाट्याने उरलेली दोन नाणी काढली.

तात्पर्य: आपल्या गळ्यातला फास पुढच्याच्या गळ्यात टाकणं म्हणजे सुटका नव्हे. कुणाला तरी नुकसान सोसून तो आपल्यापाशीच थांबवावा लागतो.