डब्यातले महाराज

एका राज्यात एकच भट्टी होती. राज्य मोठं होतं, डोंगर पुष्कळ होते, चेटकिणीही बऱ्याच होत्या. पण भट्टी एकच. नाताळ जवळ आला की घरोघरच्या बायका पीठ मळून, बिस्किटं पाडून, ती लोखंडी पत्र्यांवर मांडून भट्टीवर आणत आणि नंबर लावत. रांग भट्टीच्या दारातून निघे ती पार नदीपर्यंत जाई. त्या दिवसांत राज्यात कुणी भांडत नसे, कारण भांडायला गेलं की नंबर जाई.

त्या राज्याच्या राजाला, कृपासिंहाला, मात्र रांग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एका नाताळात राजवाड्यातले पत्रे निघाले, चोपदारांनी ते थेट पुढे नेऊन ठेवले आणि भट्टीच्या तोंडाशी पोचलेली एक म्हातारी मागे सरली. राजवाड्याचा शेवटचा पत्रा भाजून होईपर्यंत म्हातारीच्या पिठातलं तूप सुटलं. तिने बिस्किटांच्या पाडलेल्या चांदण्या पसरल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि भाजून निघाला तो एक भलामोठा पापड.

ती म्हातारी म्हणजे मार्थाबाई चेटकीण होती. पापड घेऊन ती दरबारात गेली.

"पत्र्यावर वाट बघणं कसं असतं ते तुलाही कळू दे," ती म्हणाली, आणि राजाचं बिस्किट झालं.

चांगलं खरपूस, तळहाताएवढं बिस्किट. मुकुटासकट, मिशांसकट, डोळ्यांच्या जागी दोन मनुका. ते सिंहासनावर मधोमध पडलं होतं. चहाच्या वेळी प्रधानजींचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हात पुढे केला.

"प्रधानजी, आम्ही आहोत," बिस्किट म्हणालं.

राजाला एकच मुलगी होती, तारामणी. ती इतकी लाजरी होती की तिचा आवाज दासींनाही नीट ठाऊक नव्हता. पण बापासाठी ती मार्थाबाईच्या दारात गेली आणि बोलता येईना म्हणून नुसती उभी राहिली. चेटकिणीला तेवढं पुरलं.

"निळ्या गाईचं तूप आण. शापित खजिन्यातली साखर आण. त्यांची बिस्किटं कर आणि भट्टीवर नंबर लाव. नाताळच्या आदल्या संध्याकाळची घंटा वाजण्याआधी तिन्ही कामं झाली तर बाप मिळेल. नाही तर तो असाच राहील."

बिस्किट किती टिकतं हे राजकन्येला माहीत होतं. सिंहासनाच्या पायाशी मुंग्या जमू लागल्याच होत्या. तिने राजाला पितळी डब्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि ती निघाली.

निळी गाय एका राक्षसाची होती. राक्षस माणसं खाई, पण नाताळच्या धांदलीत त्याला तेवढी सवड नव्हती. ओसरीभर करंज्या भरून पडल्या होत्या आणि कडा मुरडायला कुणी नव्हतं. राजकन्या बसली आणि मुरडू लागली. दिवस मावळताना राक्षसाने कडा निरखून पाहिल्या, तुपाचं मडकं दिलं आणि पुढच्या वर्षी जरा लवकर ये म्हणून बजावलं.

शापित खजिना डोंगरातल्या गुहेत होता. तिथली साखर हिऱ्यासारखी चमके, पण ती जो हावरेपणाने घेई त्याची मुंगी होई. गुहेत मुंग्या पुष्कळ होत्या. त्यातल्या काही अजून मुकुट घालून हिंडत. राखणीला एक साळुंकी होती. तिने विचारलं, किती हवी?

"एक वाटी," राजकन्या हळूच म्हणाली.

"दोन पोती," डब्यातून आवाज आला.

साळुंकीने चोचीने झाकण उचललं, राजाची डावी मिशी टोचून खाल्ली आणि म्हणाली, "जरा जास्त भाजली आहे." मग तिने वाटीभर साखर मोजून दिली.

राजवाड्यात परतून राजकन्येने पीठ मळलं, चांदण्या पाडल्या आणि भाजल्यावर नक्षी काढायला अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून कागदाच्या कोनात भरली. त्याच कोनाने तिने आधी बापाची मिशी काढून दिली, टोकाशी छान पीळ देऊन. राजाने आरसा मागवला आणि तो डावाच गाल पुढे करून बघत राहिला, म्हणजे आवडली.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ती एका हातात पत्रा, दुसऱ्या हातात साखरेचा कोन, काखेत डबा अशी रांगेत उभी राहिली. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. भट्टीचा धूर दिसू लागला तशी डब्यातून गर्जना झाली, "आम्ही राजे आहोत. वाट द्या."

त्यासरशी रांग सापासारखी वळवळली आणि राजकन्या नदीकाठी, सगळ्यांच्या शेवटी उभी होती.

ती पुन्हा पुढे सरकत आली. दुपारी दार दिसलं, तेव्हा राजा म्हणाला की निदान आमच्या मुकुटाकडे तरी बघा. पुन्हा नदी. या खेपेला राजकन्येचे पायही ओले झाले.

तिने झाकण उघडलं. "बाबा, क्षमा असावी," असं म्हणून तिने राजाच्या तोंडावर साखरेची एक बारीक रेघ ओढली. आणि हात लागलाच होता, म्हणून तीवर एक फूलही काढलं.

मग रांग सुरळीत चालली. सूर्य बुडता बुडता ती भट्टीच्या तोंडाशी पोचली. भट्टीवाला शांतवन घाम पुसत म्हणाला की आता एकच पत्रा घेतो, मलाही प्रार्थनेला जायचंय.

राजकन्येच्या मागे डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई उभी होती. भट्टीच्या धगीने तिच्या चांदण्यांची टोकं वाकत चालली होती. राजकन्येने आपला पत्रा पुढे केला, तोच डब्यात टकटक झाली.

तिने झाकण उचललं. राजाचे मनुकांचे डोळे त्या वाकणाऱ्या टोकांवर खिळले होते. त्याला बोलायचं होतं. आणखी एकदा तो 'आम्ही राजे' म्हणाला की पुन्हा नदी. आणि घंटा वाजवणारे घंटाघराचा जिना चढू लागले होते. बाबांचं बोलणं तिने जन्मभर ऐकलं होतं, त्यामुळे धोका तिला चांगलाच माहीत होता.

तरी तिने नखाने ती रेघ खरवडून काढली.

"तारा," राजा म्हणाला. ती लहान असताना तो तिला अशी हाक मारी. "त्या बाईंच्या चांदण्या मऊ पडताहेत. मऊ पडणं फार वाईट गं. त्यांचा पत्रा आधी जाऊ दे."

"आणि तुम्ही?"

"मी आहे तसा बरा. फक्त चहापासून लांब ठेव."

राजकन्येने आपला पत्रा मागे घेतला. डोळे भरले होते, पण आवाज असा निघाला की नदीपर्यंत ऐकू गेला. "आजी, आधी तुम्ही."

बाईंचा पत्रा आत गेला आणि घंटा वाजली. पितळी डबा फुगला, फुगला आणि फुटला. राजा कृपासिंह भट्टीसमोर उभा होता. मुकुट जागेवर होता आणि मुकुटावर डब्याचं झाकण.

शाल बाजूला झाली. ती मार्थाबाईच होती.

"झालं तुझं तिसरं काम," ती म्हणाली. तिच्या चांदण्या भाजून आल्या. आता एकीचंही टोक वाकलेलं नव्हतं. तिने तो पत्रा राजकन्येपुढे ठेवला. "नक्षी तू काढ. हात चांगला आहे तुझा."

राजकन्येचा पत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी भाजला गेला. तेव्हा रांगच नव्हती.

राजाची डावी मिशी मात्र साखरेचीच राहिली. दरबार लांबला की तो तिचं टोक गुपचूप चाटतो असं म्हणतात. दर नाताळात तो स्वतःचा पत्रा घेऊन नदीकाठी उभा राहतो. एकदा प्रधानजी महाराजांना वाट द्या असं ओरडणार होते. राजाने त्यांच्या तोंडात एक गरम चांदणी कोंबली.

चांदण्या भाजल्या, डबे भरले, मुंग्या आपल्या वारुळात गेल्या. कहाणी आता निवू द्यावी. गरम असताना झाकण लावू नये.