नीट रचलेले दगड

त्या राज्यात ज्याच्यावर आळ येई, त्याला सुनावणी होईपर्यंत टेकडीच्या पायथ्याशी एका बिळात ठेवत. सुनावणी सांबर करी, आणि शिंगे पुरती वाढून टणक झाली असतील तेव्हाच करी. बोडक्या डोक्याने दिलेला न्याय तिथे कुणी मानत नसे. सुनावणी पुढे ढकलली की त्या बिळाच्या तोंडाशी एक दगड टाकायचा, अशी रीत होती. निकाल लागला की सगळे दगड काढायचे. टाकणे नेहमीचे होते, काढणे क्वचित.

हे काम एका म्हाताऱ्या घोरपडीकडे होते. ती दगड लांबूनच भिरकावी. त्यामुळे ढीग वेडेवाकडे होत, आणि मधल्या फटींतून वारा, उजेड आणि घरच्यांनी आणलेला घास आत जाई.

एका वर्षी दरबारात बोलणे निघाले की न्यायाला फार उशीर होतो. मग ठरले की दरीतल्या शाळांमधून काही पोरे दोन महिन्यांसाठी बोलवावीत, त्यांनी बिळे पाहावीत आणि काय सुधारता येईल ते सांगावे. त्यांना शिकाऊ म्हणत. ओळख म्हणून प्रत्येकाच्या कानामागे बगळ्याचे पांढरे पीस खोवलेले असे.

भुरका मुंगूस शाळेत दोनच हिवाळे गेला होता, तरी तो रांगेत घुसला. बिळात कुणी नातलग आहे का, असे विचारल्यावर त्याने ठाम नाही म्हटले. सातव्या बिळात त्याचा थोरला भाऊ करडा होता. लांडोरीची अंडी फुटली त्या सकाळी करडा तिथून चालला होता, एवढेच त्याच्याविरुद्ध होते. त्याच्या दाराशी एकोणीस दगड पडले होते.

पहिल्याच दिवशी भुरक्याने ढिगाला तोंड लावले. "दादा."

"कानामागे ते काय खोवलंस?" आतून आवाज आला. "कोंबडी दिसतोयस."

"शिकाऊ आहे मी. सरकारी."

"तुला विसाच्या पुढे मोजता येत नाही, आणि तू न्याय सुधारणार." करडा हसला, मग बराच वेळ खोकला. त्या खोकल्याने भुरक्याच्या कानामागचे पीस हलले. "थंडीच्या आत काढ मला, भुरक्या. खाली ओल फार आहे. छातीत बसलीय."

पंधराव्या दिवशी सांबर पाहणीला आला. शिंगे पुरती तयार होती. काय आढळले, असे त्याने विचारले. शिकाऊंमधली एक तितर पोर सांगू लागली, "महाराज, आधी आत जाऊन एकेकाला विचारायला हवं. कोण आहे, कशासाठी आहे, कधीपासून आहे." सांबराने जांभई दिली. भुरक्याला वाटले, वेळ हातची चालली. तो मध्येच बोलला.

"दगड एकावर एक नीट रचा, महाराज. मग टेकडीवरून नुसतं बघितलं तरी कळेल, कुणाची रास सगळ्यांत उंच आहे. त्याला आधी बोलवा."

सांबराचे कान उभे राहिले. "हे चांगलं आहे," तो म्हणाला. "यात कुणाला काही विचारावं लागत नाही."

तितर पोरीने भुरक्याकडे पाहिले आणि ती रांगेत मागे सरकली.

दुसऱ्या दिवसापासून रचना सुरू झाली. सातवे बीळ भुरक्याने स्वतः घेतले. करड्याची रास सगळ्यांहून उंच आणि सरळ दिसायला हवी होती. कोणता दगड कुणाशेजारी बसेल हे तो फिरवून फिरवून पाही. रास ढासळू नये म्हणून घोरपडीने ओली माती दिली.

"अरे, अंधार होतोय," करडा आतून म्हणाला.

"वर एक फट ठेवलीय, दादा. आठवड्यात तुझा नंबर लागेल."

"बरं. तू करतोयस म्हणजे ठीकच असेल."

रचना सांबराला इतकी आवडली की भुरक्याला ती शिकवायला पलीकडच्या टेकड्यांवर धाडण्यात आले. तो परतल्यावर सुनावणी होईल, तीही पहिली सातव्या बिळाची, असा शब्द त्याला मिळाला. तो नऊ दिवस पंजे दुखेपर्यंत रचत राहिला आणि पळत परत आला.

त्याच सकाळी सांबराचे डावे शिंग गळून पडले होते. उजवे हलत होते. नवी शिंगे येईपर्यंत सगळ्या सुनावण्या पुढे गेल्या.

घोरपड सातव्या बिळाशी एक दगड घेऊन उभी होती. "हा तूच ठेव, बाळा. माझ्या हातून वाकडा बसायचा. आणि तुझ्याकडून वर एक फट राहिली होती. रचना बघायला नवे शिकाऊ यायचे होते, बरं दिसत नव्हतं. तू गेलास त्याच दिवशी बुजवली मी."

"मावशी, आत जीव आहे," भुरका म्हणाला. त्याला 'माझा भाऊ' असे म्हणायचे होते.

"प्रत्येकात आहे," घोरपड म्हणाली आणि पाहुण्यांना आणायला गेली.

भुरक्याने हाक मारली. मग पुन्हा मारली. त्याने एका दगडाला नखे घातली, पण त्यानेच निवडलेला तो दगड शेजाऱ्यांत घट्ट बसला होता आणि माती वाळून कडक झाली होती. नखे तुटली. मग त्याने कानामागचे पीस उपसले आणि ते राशीला लावून खालून वर नेऊ लागला, प्रत्येक सांध्यापाशी थांबत.

मागे नव्या शिकाऊंची तुकडी येऊन उभी राहिली. पिसे कोरी होती.

"जवळून बघा," घोरपड त्यांना सांगत होती. "कुठे फट सापडते का?"

पोरे वाकली. त्यांनी मन लावून शोधले.

"नाही," ती एका सुरात म्हणाली.

भुरक्याच्या पंजातले पीस शेवटच्या सांध्यापाशी पोहोचले होते. त्याचा एक तंतूही हलला नाही.