खिंडीची बखर

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता, आणि त्याच्या राज्यात माणसांचे चेहरे पुसले जात होते. आधी भुवया जात, मग डोळे, मग ओठ. उरे ती अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत कातडी. राजकन्येचे डोळे गेले, तेव्हा राजवाड्यातल्या मैनेला वाचा फुटली.

"राजा, तुझ्या वडिलांनी खिंडीच्या लढाईची बखर खोटी लिहवून घेतली, त्याचा हा शाप. जिंकला त्याला, हरला त्याला आणि ज्याने वरून पाहिले त्याला विचारून ती पुन्हा लिहव."

राजाने बखरकारीण भानुमतीला धाडले. तिचे वडील त्याच खिंडीत डोंगरी लोकांच्या हातून मेले होते. त्या लोकांचे नाव निघाले तरी तिचे तोंड कडू होई.

म्हाताऱ्या सेनापतीने सांगितले, पहिला बाण डोंगरी लोकांचा. तिने ते आनंदाने लिहिले, आणि तिच्या भुवया गळून पडल्या. मग ती डोंगरात गेली. तिथली एक विधवा म्हणाली, आमची माणसे बोलणी करायला आली होती, हात रिकामे होते. भानुमतीने तेही लिहिले, पण शेवटी 'म्हणे' जोडले. तत्क्षणी तिच्या एका डोळ्यावर कातडी चढली.

खिंडीच्या कड्यावर गिधाड बसले होते.

"पहिला बाण तुझ्या बापाने सोडला, थोरल्या महाराजांच्या हुकुमाने," ते म्हणाले. "पण माझ्यावरही पुरता विश्वास ठेवू नकोस. मला भूक लागली होती. युद्ध मला हवेच होते."

भानुमती कड्याखाली बसून खूप रडली. मग तिने 'म्हणे' खोडले. तिघांचे बोल लिहिले, कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले तेही लिहिले. सर्वांच्या वर लिहिले: "हे लिहिणारी पहिला बाण सोडणाऱ्याची मुलगी आहे. वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे."

दरबारात राजाने बखर ऐकली आणि हुकुमाची ओळ गाळायला सांगितले.

भानुमतीने लेखणी पुढे केली. "महाराजांनी स्वहस्ते गाळावी."

राजाने लेखणी टेकवली मात्र, त्याचे ओठ एकमेकांत मिसळू लागले. श्वास कोंडला. समोर राजकन्या आपला कोरा चेहरा चाचपत उभी होती. राजाने लेखणी टाकली आणि बखरीवर मुद्रा उमटवली.

राज्यभर चेहरे परतले. खिंडीची वाट खुली झाली, आणि भानुमतीने डोंगरात जाऊन बखर वाचली. विधवेने सेनापतीचे बोलही शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग तिने विचारले, "तुझे वडील दिसायला कसे होते?"

भानुमती सांगू लागली.

त्या राज्याचे चेहरे परतले, तसे तुमचे-आमचे शाबूत राहोत.